घरगुती कायदा : तक्रार केली म्हणून बिऱ्हाड हलवायचे?

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. काही फराळाचे निमंत्रण द्यायला येतात आणि काही हातात एखादा कागद घेऊन येतात. निमंत्रणवाले दारातूनच परततात. कागदवाले मात्र चपला काढून आत येतात, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकतात आणि "जरा एक विचारायचं होतं," अशी सुरुवात करतात. यंदा एकाच आठवड्यात असे दोन कागद माझ्या टेबलावर आले. दोन्ही कागदांमागची हकिकत जवळजवळ सारखी होती. तरीही दोघांना मला निरनिराळी उत्तरे द्यावी लागली. त्याचीच ही गोष्ट.

पहिला कागद आणला तो एका जुन्या चाळीत राहणाऱ्या काकूंनी. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे हे बिऱ्हाड. चाळीचा जिना कुजलेला, कठडा हलणारा. मालकाला तोंडी सांगून झाले, दोनदा लेखी कळवून झाले. शेवटी सहा बिऱ्हाडांनी सह्या करून महापालिकेकडे अर्ज केला. अधिकारी आले, त्यांनी जिना पाहिला आणि मालकाला दुरुस्तीचा हुकूम बजावला. सगळ्यांना वाटले, चला, काम झाले. पण पंधरा दिवसांत काय झाले? अर्जावर सर्वांत वर सही होती काकूंच्या यजमानांची. त्यांच्या नळाचे पाणी एकाएकी बंद झाले, जिन्यावरचा दिवा गेला आणि पाठोपाठ वकिलाची नोटीस आली : जागा मालकाला स्वतःसाठी हवी आहे, एका महिन्यात खाली करा.

दुसरा कागद एका तरुण जोडप्याचा. दोघेही नोकरी करणारे, पदरी चार वर्षांचे मूल. 'लीव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली दोन खोल्यांची जागा. न्हाणीघराच्या छताचा गिलावा एका सकाळी खाली आला तो मुलाच्या बादलीत. मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना आला आणि गेला. मग यांनी महापालिकेकडे तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी मालकाचा निरोप : करार संपत आला आहे, पुढे वाढवायचा विचार नाही.

ती मुलगी मला म्हणाली, "काका, भाडं आम्ही एक दिवस उशिरा दिलेलं नाही. कुणाशी भांडण नाही. तक्रार केली हे आमचं चुकलं का हो?"

प्रश्न साधा आहे, पण भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मनात तो केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो. छत गळते, नळ वाहतो, भिंतीला ओल येते आणि घरातला कर्ता माणूस हळूच म्हणतो, "जाऊ दे. मालकाशी वाकडं कशाला? उद्या खोली सोडा म्हणाला तर?" या 'उद्या'च्या भीतीने किती घरांतून किती वर्षे बादल्या लावून पावसाळे काढले असतील, त्याची गणती कुणी केलेली नाही.

तक्रार केल्याचा राग म्हणून भाडेकरूला बाहेर काढू पाहणे, याला आपण सोप्या भाषेत 'आकसाची नोटीस' म्हणू. नोटिशीत आकसाचा शब्दही नसतो. तिच्यात 'स्वतःची गरज' असते किंवा 'मुदत संपली' असते. आकस असतो तो तारखांत : अर्ज अमुक तारखेला आणि नोटीस त्यानंतर पंधरा दिवसांनी.

या आकसाला कायद्याने उत्तर कसे द्यावे याचा एक प्रसिद्ध खटला अमेरिकेत, वॉशिंग्टन शहरात झाला. तो सांगण्याजोगा आहे.

१९६५ च्या मार्चमध्ये मिसेस इव्हॉन एडवर्ड्‌स या बाईंनी नेथन हबीब नावाच्या मालकाकडून एक घर महिन्याच्या बोलीवर भाड्याने घेतले. घराची अवस्था वाईट होती आणि मालक दुरुस्ती करीना. म्हणून बाईंनी शहराच्या तपासणी खात्याकडे तक्रार केली. खात्याचे लोक आले. त्यांना आरोग्याच्या नियमांचे उल्लंघन करणाऱ्या एक-दोन नव्हे, तर चाळीसहून अधिक गोष्टी आढळल्या. मालकाला दुरुस्तीचा हुकूम सुटला. आणि मालकाने बाईंना तीस दिवसांची नोटीस दिली.

आता वॉशिंग्टनचा तेव्हाचा कायदा असा की, महिन्याच्या बोलीवरच्या भाडेकरूला तीस दिवसांची नोटीस दिली की पुरे. कारण सांगण्याची गरज नाही. बाई पहिल्या तारखेला कोर्टात हजर राहू शकल्या नाहीत आणि मालकाला एकतर्फी निकाल मिळाला. त्यांनी तो उघडून घेतला. एक न्यायाधीश म्हणाले, सूड म्हणून नोटीस दिली हे सिद्ध झाले तर तो बचाव होऊ शकतो. पण प्रत्यक्ष सुनावणी दुसऱ्याच न्यायाधीशांपुढे झाली. ते म्हणाले, मालकाचा हेतू काय होता याच्याशी कोर्टाला कर्तव्य नाही. त्यांनी पुरावाच घेतला नाही. वरच्या कोर्टातही बाई हरल्या.

शेवटी १९६८ च्या मे महिन्यात प्रकरण तिथल्या संघराज्याच्या अपील न्यायालयापुढे निकाली निघाले. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती स्केली राइट यांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालक वाटेल त्या कायदेशीर कारणाने किंवा कोणतेही कारण नसताना भाडेकरूला काढू शकत असेल, तरी भाडेकरूने सरकारकडे तक्रार केली म्हणून सूड उगवण्यासाठी तो काढू शकत नाही. घरे राहण्याजोगी असावीत म्हणून विधिमंडळाने नियम केले. ते नियम मोडले जात आहेत हे सरकारला सांगणार कोण? त्या घरात राहणारा माणूस. त्याच माणसाला तक्रारीबद्दल रस्त्यावर काढायला कोर्टानेच हातभार लावला, तर नियम कागदावरच राहतील. म्हणून मालकाचा खरा हेतू काय होता हे ज्यूरीपुढे तपासले गेले पाहिजे.

या निकालात आणखी एक गोष्ट होती आणि ती विसरता कामा नये. तक्रार केली म्हणजे घर जन्माचे आपले झाले, असे कोर्टाने म्हटले नाही. सुडाची भावना सरली, परिस्थिती निवळली, की मालकाला त्याचे नेहमीचे हक्क पुन्हा मोकळे. भाडेकरूला ढाल मिळाली. सातबाऱ्यावर नाव चढले नाही.

पुढे अमेरिकेत ठिकठिकाणी हे तत्त्व कायद्यातच आले. १९७२ मध्ये तिथे राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. त्यात अशी सोय होती की, भाडेकरूच्या तक्रारीनंतर वर्षाच्या आत मालकाने त्याच्याविरुद्ध पाऊल उचलले, तर ते सुडाचेच आहे असे कोर्टाने प्रथमदर्शनी धरून चालावे आणि तसे नाही हे मालकाने दाखवावे. इंग्लंडातही २०१५ च्या कायद्याने असे ठरले की, भाडेकरूच्या तक्रारीवरून स्थानिक संस्थेने दुरुस्तीची नोटीस काढली, तर त्यानंतर सहा महिने मालकाला कारण न देता घर सोडायला सांगता येणार नाही. पुढे २०२५ मध्ये पार्लमेंटने ही कारण न देता काढण्याची पद्धतच मोडीत काढणारा कायदा केला.

आपल्याकडे काय? आपल्याकडे ही लढाई निराळ्या वाटेने लढली गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत जागांची इतकी चणचण झाली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा 'मुंबई भाडे कायदा' आला. तो अर्धे शतक चालला आणि त्याच्या जागी 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आला. त्याचा अंमल ३१ मार्च २००० पासून सुरू झाला.

या कायद्यांनी मालकाचे मन तपासण्याच्या भानगडीत न पडता सरळ प्रश्न उलटा केला. भाडेकरूला का काढू नये, हे भाडेकरूने सांगायचे नाही. का काढावे, हे मालकाने सिद्ध करायचे. १९९९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाचा अर्थ असा की, भाडेकरू प्रमाण भाडे भरतो आहे किंवा भरायला तयार आहे आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाळतो आहे, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. अपवादाची कारणे १६ व्या कलमात मोजून दिलेली आहेत. त्या यादीत 'भाडेकरूने तक्रार केली' हे कारण नाही. शोधूनही सापडणार नाही!

तेव्हा काकूंना मी सांगितले, "काकू, नोटिशीला घाबरून सामान बांधू नका. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर त्यांनी लघुवाद न्यायालयात दावा लावावा आणि ती गरज खरी व रास्त आहे हे दाखवावे."

आणि गरज खरी ठरली तरी तेवढ्यावर भागत नाही. जागा दिल्याने भाडेकरूचे हाल जास्त होतील की न दिल्याने मालकाचे, हे तराजूत घालून पाहणे न्यायालयाला भाग आहे. शिवाय मालकाने स्वतःसाठी म्हणून जागा मिळवली आणि महिन्याभरात तिथे राहायला गेलाच नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू न्यायालयाकडे जागा परत मागू शकतो. खोट्या गरजेच्या सोंगावर कायद्याने ठेवलेला हा पहारा आहे.

पाण्याचे काय? मालक कोर्टात जायला वेळ लागतो हे जाणून असतो, म्हणून तो नाक दाबून तोंड उघडू पाहतो. त्यावर २९ वे कलम आहे. पाणी, वीज, जिन्यावरचे दिवे, सफाई, लिफ्ट या आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडायच्या नाहीत, असा त्यात स्पष्ट मज्जाव आहे. भाडेकरूने अर्ज केला तर न्यायालय सेवा पूर्ववत सुरू करण्याचा हुकूम देऊ शकते. मालकाला दंड आणि शिक्षाही होऊ शकते.

दुरुस्तीबद्दलही सांगतो. जागा राहण्याजोगी ठेवणे हे १४ व्या कलमाप्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंनी एकट्याने किंवा मिळून ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. मात्र वर्षाला वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये. हे ऐकून काकू हसल्या. त्यांचे भाडे महिना शंभर रुपये. म्हणजे वर्षाचे बाराशे आणि चौथा हिस्सा तीनशे. तीनशे रुपयांत जिना सोडाच, जिन्याची पायरी तरी होते का?

हसण्यावारी नेले तरी त्या आकड्यात मालकाचीही बाजू दडलेली आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या कायद्याखाली कित्येक जागांची भाडी १९४० च्या पातळीवरच गोठून राहिली. महागाई वाढली, कर वाढले, गवंड्याची मजुरी वाढली. भाडे जागचे हलले नाही. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले की, भाडी अशी गोठवून ठेवणे कालांतराने अवाजवी आणि मनमानी झाले आहे. १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पण पाया लहान असला की त्याचे चार टक्के कितीसे होणार? जिना न बांधणारा प्रत्येक मालक खलनायक नसतो. परंतु पैसा नसणे हे दुरुस्ती न करण्याचे कारण होऊ शकेल. पाणी तोडण्याचे नव्हे.

आता त्या तरुण जोडप्याकडे वळू. इथे मात्र माझी जीभ अडखळली.

आपण ज्याला सर्रास 'भाड्याचे घर' म्हणतो, ते बहुतेक नव्या कुटुंबांच्या बाबतीत कायद्याच्या दृष्टीने भाड्याचे नसतेच. ते असते परवान्याचे. याला इतिहास आहे. भाडे कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मालक लायसन्सचे करार करू लागले. सरकारने १९७३ मध्ये कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे करार चालू होते त्यांना भाडेकरूच ठरवले. मालकांनी त्याचा असा धसका घेतला की कित्येकांनी जागा कुलुपे लावून रिकाम्या ठेवणे पत्करले. पुढे कायद्याने मालकांना अभय दिले. आज २४ व्या कलमाप्रमाणे राहण्याच्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून मालकाला ताबा मिळतो आणि वर राहिलेल्या दिवसांची दुप्पट रक्कम भरावी लागते. मालकाने करार का वाढवला नाही, हे तिथे कुणी विचारत नाही.

म्हणजे पाहा, वॉशिंग्टनच्या बाईंची जी स्थिती १९६५ साली होती, जवळजवळ तीच आपल्या अकरा महिन्यांच्या बिऱ्हाडकरूची आज आहे. त्याला तक्रारीचा हक्क आहे; पण त्या हक्काची किंमत म्हणून पुढच्या वर्षीचे छप्पर द्यावे लागेल की काय, याची खात्री नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला. दुरुस्ती कुणी कोणती करायची, अनामत किती असावी, आवश्यक सेवा तोडू नयेत, हे त्यात आले. पण तो नमुनाच. राज्याने स्वीकारला तरच त्याला जोर. आणि करार न वाढवण्यामागे आकस आहे का, या प्रश्नाला तोही हात घालत नाही.

तरी अगदीच उघडे पडल्यासारखे वाटून घेऊ नका. मुदत संपेपर्यंत मालकाला मन मानेल तसे काढता येत नाही. करारात लिहिलेल्या अटी त्यालाही लागू असतात. मुदत संपल्यावरही कुलूप बदलणे, सामान बाहेर फेकणे, चार दांडगट आणून उभे करणे याला कायद्यात जागा नाही. जो माणूस जागेत स्थिरपणे राहतो आहे, त्याला मालकानेसुद्धा कायद्याच्या मार्गाखेरीज बाहेर काढता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि कुणी असे बळजबरीने काढलेच, तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावून ताबा परत मागता येतो.

वाचकांच्या उपयोगासाठी आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कात्रण काढून कपाटात ठेवल्यास हरकत नाही!

पहिली : तक्रार तोंडी करू नका. कागदावर करा, तारीख घाला, पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि प्रत जवळ ठेवा. छताचे, जिन्याचे फोटो काढून ठेवा. पुढे आकस दाखवायचा झाला तर तारखा बोलतात, आपण नव्हे.

दुसरी, आणि ही सर्वांत महत्त्वाची : रागाच्या भरात भाडे थांबवू नका. "आधी दुरुस्ती, मग भाडं" हे ऐकायला मर्दानी वाटते, पण मालकाच्या हाती जे कारण नव्हते ते आपणच त्याला आयते देतो. मालक मुद्दाम भाडे घेईना तर पूर्वी लोक मनीऑर्डर करीत आणि 'नाकारली' असा शेरा आलेले कागद जपून ठेवत. आज बँकेतून पाठवा किंवा चेक टपालाने पाठवा. भाड्याची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. ती मागायला लाजू नका. थकबाकी झालीच, तर मालकाने लेखी मागणी केल्यावर नव्वद दिवस जाईपर्यंत त्याला दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासूनही नव्वद दिवसांत सारी बाकी व्याजासह भरून जागा वाचवता येते.

तिसरी : करार नोंदवलाच पाहिजे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत जुन्या नोंदणी कायद्यामुळे रूढ झाली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. आणि सही करण्यापूर्वी करार वाचा! दुरुस्ती कुणाची, किती दिवसांत, मुदतीपूर्वी नोटीस किती दिवसांची, हे आधी लिहून घ्या. किल्ली हातात पडण्यापूर्वी आपला शब्द मोलाचा असतो. नंतर तो विनंतीचा होतो.

चौथी : एकट्याने लढू नका. सहा सह्यांच्या अर्जात पहिली सही करणाऱ्यालाच नोटीस येते; सहाही जण एकत्र उभे राहिले तर मालक विचार करतो. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे, तिकडेही अर्ज करता येतो. आणि इमारत धोकादायक ठरून पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप मरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले आहे. तेव्हा घाबरून कोऱ्या कागदावर सही करून बाहेर पडू नका.

काकूंच्या चाळीत पुढे काय झाले ते सांगून टाकतो. पाण्यासाठी न्यायालयात अर्ज करायचे ठरले. बाकीच्या पाचही बिऱ्हाडकरूंनी साक्षीला येण्याची तयारी दाखवली. ही बातमी मालकाच्या कानी गेली आणि अर्ज दाखल होण्याच्या आदल्या संध्याकाळी नळाला पाणी आले. जिन्याचे काम अजून व्हायचे आहे. पण दिवा लागला आहे.

तरुण जोडप्याने मात्र नवी जागा पाहिली. मुलाची शाळा लांब पडली, भाडे दीड हजाराने वाढले. निघायच्या दिवशी ती मुलगी निरोप घ्यायला आली. म्हणाली, "काका, आम्ही गेल्यावर आठ दिवसांत छताची दुरुस्ती सुरू झाली म्हणे. महापालिकेचा हुकूम होता ना!" मी म्हटले, "म्हणजे तुमची तक्रार खरी ठरली." ती म्हणाली, "हो. पुढच्यांच्या डोक्यावर तरी पडणार नाही." आणि थोड्या वेळाने, "पण काका, त्याचं भाडं आम्ही का भरायचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ कलम नव्हते. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने हाच प्रश्न १९६८ साली स्वतःला विचारला होता. आपल्याकडे जुन्या भाडेकरूपुरते त्याचे उत्तर कायद्याने दिले आहे. अकरा महिन्यांच्या बिऱ्हाडकरूंना ते अजून द्यायचे आहे. ते दिले जाईपर्यंत, ज्यांच्या मालकीची जागा आहे अशा वाचकांना दिवाळीच्या निमित्ताने एकच विनंती. तुमच्या बिऱ्हाडकरूने छत गळते म्हणून कळवले, तर त्यावर रागावू नका. ते छत तुमचेच आहे. आणि ते राखणारा माणूस भाडेही भरतो आहे.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा!